बिलाच्या आदल्या रात्री सर्व्हर भरला: डॉकर हाताने चालवण्यापासून अँसिबलपर्यंत

ज्यांना हा भाग ऐकण्याऐवजी वाचायचा आहे, त्यांच्यासाठी हे त्याचं लेखी रूप. बोलताना जिथे अडखळलो तिथे थोडी झाडलोट केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तसा कोरडा वाटेल: कंटेनर बसवायचे आणि सांभाळायचे, पण हाताने नाही, कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटच्या साधनाने. म्हणजे अँसिबल, पपेट, शेफ, सॉल्ट ही मंडळी. मी अँसिबल वापरतो म्हणून उदाहरणं त्याची. "डॉकर आहे ना, मग अँसिबल कशाला? कंटेनर म्हणजेच तर सगळं बांधून दिलेलं असतं." हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि दीड-दोन वर्षं मीसुद्धा अगदी हेच म्हणत होतो. माझं मत कसं बदललं ते सांगतो. त्यात चूक सगळी माझीच आहे, त्यामुळे मोकळेपणाने सांगता येईल.

आमच्या तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं संकलनाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. सकाळ-संध्याकाळ गवळी दूध घालतात, वजन होतं, फॅट आणि एसएनएफ मोजलं जातं, पावती निघते आणि दर दहा दिवसांनी बिल. १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. पैसे कमी आहेत म्हणून सर्व्हर एकच, भाड्याचा, ४० जीबी डिस्कचा. त्यावर दोन कंटेनर: एक संकलनाचं ॲप, दुसरा पोस्टग्रेस डेटाबेस. दोन्ही मी एका दुपारी डॉकर रन कमांड देऊन सुरू केले होते. कमांड कुठे लिहून ठेवली? कुठेच नाही. टर्मिनलच्या हिस्टरीत होती, आणि हिस्टरी काही जन्मभर राहत नाही.

दीड वर्ष गाडी सुरळीत चालली. मग एका २० तारखेला रात्री नऊला सचिव अण्णांचा फोन. "दादा, उद्या बिल काढायचंय. पडद्यावर नुसतंच गोल फिरतंय."

सर्व्हरवर गेलो तर डिस्क शंभर टक्के भरलेली. पोस्टग्रेसला एक अक्षर लिहायला जागा नाही म्हणून तो बसलेला. जागा कोणी खाल्ली ते शोधलं तर डेटाबेसच्या कंटेनरची लॉग फाइल, एकटी १८ जीबी. आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? लॉग फाइल जागेवर रिकामी केली असती, कंटेनर परत सुरू केला असता, दहा मिनिटांत विषय संपला असता. मी काय केलं? कंटेनरच काढून टाकला. कंटेनर गेला की त्याची लॉग फाइलही जाते हे मला माहीत होतं, आणि "कंटेनर काय, पत्रावळीसारखा, टाकायचा आणि नवा मांडायचा" हे वाक्य मीच दुसऱ्यांना ऐकवायचो. मग आठवेल तशी डॉकर रन कमांड परत टाइप केली. पोस्टग्रेस मस्त सुरू झाला. ॲप उघडलं. एकही गवळी नाही. एकही पावती नाही. कोरी पाटी.

पुढचा दीड तास कसा गेला ते मलाच माहीत. अण्णांना "बघतोय" एवढंच सांगत होतो.

झालं होतं असं. कंटेनरच्या आत लिहिलेलं सगळं कंटेनरबरोबर जातं. जे टिकवायचं ते बाहेर, व्हॉल्यूममध्ये ठेवायचं असतं. मी पहिल्या दिवशी व्हॉल्यूमला नाव दिलं नव्हतं. नशीब एवढंच, की पोस्टग्रेसची अधिकृत इमेज बनवणाऱ्यांनी डेटाच्या फोल्डरला आधीच व्हॉल्यूम म्हणून घोषित केलंय. त्यामुळे नाव दिलं नाही तर डॉकर स्वतःच एक बेनामी व्हॉल्यूम करतो, ६४ अक्षरांच्या अगम्य नावाचा. कंटेनर काढला तरी तो मागे राहिला होता, पण नव्या कंटेनरने त्याच्याकडे न बघता स्वतःसाठी दुसरा कोरा बेनामी व्हॉल्यूम केला. मी व्हॉल्यूमची यादी काढली, तशी चार नावं सापडली, आकार तपासले, त्यातला मोठा उचलून नव्या कंटेनरला जोडला. सगळे गवळी परत आले. आता विचार करा: जागा मोकळी करायच्या घाईत मी डॉकर सिस्टिम प्रून ही कमांड व्हॉल्यूमसकट दिली असती तर? बेनामी आणि कोणाला न जोडलेले व्हॉल्यूम ती झाडून टाकते. आणि ती कमांड मी टाइप केलेली होती. एंटर मारायच्या आधी अण्णांचा दुसरा फोन आला म्हणून थांबलो.

बिल निघालं. पण १८ जीबी लॉग आला कुठून, हा प्रश्न राहिलाच. कंटेनर काढल्यामुळे जुना लॉग तर गेला होता. नवा कंटेनर सुरू होऊन काही तासच झालेले, त्याचा लॉग उघडला, आणि पोटात गोळा आला. दर सेकंदाला दोन-तीन ओळी, पासवर्ड चुकला, पासवर्ड चुकला, पासवर्ड चुकला. जगभरातून कोणीतरी आमच्या डेटाबेसचं दार ठोठावत होतं, आणि दीड वर्ष ठोठावत असणार.

पण फायरवॉल तर होता! उबुंटूचा यूएफडब्ल्यू चालू होता, त्यात फक्त २२ आणि ४४३ हे दोन पोर्ट उघडे. ५४३२ बंद. यूएफडब्ल्यूला विचारलं की तो तसंच सांगायचा. आता हे नीट समजून घ्या, कारण यात मी एकटा फसलेलो नाही. घरून लॅपटॉपवर डेटाबेस बघता यावा म्हणून मी कंटेनरचा ५४३२ पोर्ट बाहेर पब्लिश केला होता. पोर्ट पब्लिश केला की डॉकर लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम घालतो. बाहेरून पॅकेट आलं की अगदी सुरुवातीलाच त्याचा पत्ता बदलून तो कंटेनरचा केला जातो. मग ते पॅकेट "या मशीनसाठी आलेलं" राहत नाही, "पुढे पाठवायचं" होतं. यूएफडब्ल्यूमध्ये आपण जे बंद-उघडे लिहितो ते नियम पहिल्या वाटेवर बसलेले असतात. म्हणजे वॉचमन पुढच्या दारात खुर्ची टाकून बसलाय आणि पाहुणे मागच्या जिन्याने वर चाललेत. वॉचमन खोटं बोलत नाही, त्याच्यासमोरून खरंच कोणी गेलेलं नसतं.

कोणी आत शिरलं होतं का? हे लॉग सांगू शकत नव्हता, कारण यशस्वी जोडणीची नोंद पोस्टग्रेस मुळात ठेवत नाही, ती सेटिंग चालू करावी लागते. पासवर्ड लांबलचक होता एवढाच दिलासा. शेवटी अण्णांच्या हाताने लिहिलेल्या वहीशी तीन बिलांच्या बेरजा ताडून बघितल्या. जुळल्या. तरी त्या दिवसापासून मी हाताने डॉकर रन करायचं सोडलं.

आता मुद्द्यावर येऊ. या सगळ्या प्रकरणात कंटेनरच्या आत काहीच बिघडलेलं नव्हतं. पोस्टग्रेस उत्तम, ॲप उत्तम. बिघडलं ते सगळं कंटेनरच्या बाहेर: लॉगला मर्यादा नाही, व्हॉल्यूमला नाव नाही, पोर्ट नको तिथे उघडा, आणि कंटेनर कसा सुरू केला होता याची नोंद नाही. इमेज आतलं सगळं बांधून देते. ती कोणत्या मशीनवर, कोणत्या पोर्टला, कोणत्या डिस्कशी, किती मर्यादेत चालायची हे इमेजमध्ये नसतंच. ते माझ्या डोक्यात होतं, आणि रात्री नऊ वाजता माझं डोकं भरवशाचं नसतं.

ही बाहेरची बाजू लिहून ठेवायची आणि लिहिल्याप्रमाणे मशीन करून घ्यायचं, हे काम कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटचं. कल्पना जुनी आहे, डॉकरच्या कितीतरी आधीची. मार्क बर्जेस यांनी ओस्लोमध्ये १९९३ साली सीएफइंजिन सुरू केलं. नंतर २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ, २०११ मध्ये सॉल्ट, २०१२ मध्ये मायकेल डीहान यांचं अँसिबल. डॉकर लोकांसमोर आला २०१३ च्या मार्चमध्ये, पायकॉन परिषदेत, सॉलोमन हाइक्स यांच्या पाच मिनिटांच्या छोट्या भाषणातून. म्हणजे डॉकरने ही साधनं मोडीत काढली असं जे म्हटलं जातं त्यात अर्धं तथ्य आहे. ॲप्लिकेशनच्या पोटातली लायब्ररी सर्व्हरवर बसवायचं त्यांचं काम खरंच गेलं. बाकीचं तिथेच आहे.

अँसिबल मला का आवडलं? कारण सर्व्हरवर त्याचं काही बसवावं लागत नाही. लॅपटॉपवरून एसएसएचने जातं, पायथनचा छोटा तुकडा चालवतं, परत येतं. पपेटचा एजंट सर्व्हरवर बसतो आणि दर ३० मिनिटांनी स्वतःहून विचारतो, "काही बदललंय का?" पन्नास-शंभर मशीन असतील तर ती पद्धत बरी, कारण कोणी हाताने काही बदललं तर अर्ध्या तासात ते आपोआप मूळ जागी येतं. माझ्याकडे एक मशीन. मला ते झेपत नाही आणि गरजही नाही.

अँसिबलमध्ये तुम्ही यामल फाइलमध्ये लिहिता, तिला प्लेबुक म्हणतात. त्यात "हे कर" असं लिहायचं नसतं, "हे असं असायला हवं" असं लिहायचं. फरक बारीक आहे पण सगळं त्यावर उभं आहे. "भिंतीत खिळा ठोक" असं सांगितलं आणि तीनदा सांगितलं तर तीन खिळे होतात. "दाराला कडी लागलेली असू दे" असं तीनदा सांगितलं तर कडी एकच, लागलेलीच. याला आयडेम्पोटंट म्हणतात, शब्द अवघड आहे, अर्थ कडीचा आहे. प्लेबुक दुसऱ्यांदा चालवलं आणि सगळीकडे "ओके" आलं, एकही "चेंज्ड" नाही, तर समजायचं की मशीन कागदाप्रमाणे आहे.

आता माझं प्लेबुक काय करतं ते क्रमाने सांगतो. जिथे ठेच लागली तिथे थांबेन.

सर्वांत आधी डॉकर बसवणं. उबुंटूच्या स्वतःच्या भांडारात डॉकर डॉट आयओ नावाचं पॅकेज असतं, आणि डॉकर कंपनीच्या भांडारात डॉकर-सीई. कोणतंही घ्या, पण एकच घ्या. इंटरनेटवर एका ओळीची स्क्रिप्ट मिळते, ती चालवली की डॉकर बसतो; घरी शिकायला ठीक, कामाच्या सर्व्हरवर ती वापरू नका असं डॉकरवालेच सांगतात. प्लेबुकात चार टास्क: भांडाराची किल्ली ठेव, भांडार जोड, ठरावीक आवृत्तीची पॅकेजेस बसव, ती आवृत्ती धरून ठेव. शेवटचं महत्त्वाचं. मी आधी आवृत्तीच्या जागी "लेटेस्ट" लिहिलं होतं. म्हणजे एखादा फालतू बदल करायला प्लेबुक चालवलं आणि त्याच दिवशी डॉकरची नवी आवृत्ती आलेली असली, की डॉकर अपग्रेड होणार, रीस्टार्ट होणार, कंटेनर खाली-वर होणार. सकाळी सात वाजता संकलन चालू असताना हे नको.

आणखी एक. डॉकर ग्रुपमध्ये कोणाला घालताना विचार करा. त्या ग्रुपमधला माणूस सर्व्हरची पूर्ण डिस्क कंटेनरला जोडून हवं ते करू शकतो. म्हणजे तो रूटच. माझ्या प्लेबुकात त्या ग्रुपमध्ये कोणीच नाही.

दुसरा भाग डीमनच्या सेटिंगचा. डीमन डॉट जेसन नावाची एक फाइल असते. माझे १८ जीबी इथे वाचले असते. डॉकर नेहमीच्या पद्धतीने कंटेनरचा लॉग जेसन फाइलमध्ये लिहितो आणि त्याला वरची मर्यादा नसते, मुळातच नसते. दोन ओळी घालायच्या: एका फाइलचा कमाल आकार आणि किती फाइली ठेवायच्या. मी १० एमबीच्या ५ फाइली ठेवल्यात. पण लक्षात घ्या, ही मर्यादा नव्याने बनवलेल्या कंटेनरला लागते. आधीपासूनच्या कंटेनरला नाही, तो जुन्याच नियमाने वाढत राहतो. फाइल बदलली, डॉकर रीस्टार्ट केला आणि निवांत झालो असं करू नका. कंटेनर नव्याने बनवावा लागतो.

याच फाइलमध्ये "लाइव्ह रिस्टोर" नावाची सेटिंग आहे. ती चालू असेल तर डॉकरचा डीमन रीस्टार्ट होताना कंटेनर चालू राहतात. मी ती चालू ठेवतो. आणि ही फाइल फार नाजूक आहे, एक स्वल्पविराम चुकला तर डॉकर सुरूच होत नाही. अँसिबलमध्ये फाइल ठेवताना आधी तपासणीची कमांड देता येते. डॉकरच्या २३ व्या आवृत्तीपासून डीमनला स्वतःची सेटिंग नुसती तपासून दाखवायला सांगता येतं. तपासणी नापास झाली तर अँसिबल जुनी फाइल हलवत नाही. आणि रीस्टार्ट हा हँडलर म्हणून लिहायचा, म्हणजे फाइल खरोखर बदलली तरच होतो.

तिसरा भाग नेटवर्क. ॲप आणि डेटाबेस दोघांसाठी एक डॉकर नेटवर्क केलं. त्यावर ॲप डेटाबेसला नावाने हाक मारतं, त्यासाठी पोर्ट पब्लिश करायची गरजच नसते. म्हणजे माझा ५४३२ पहिल्या दिवसापासून अनावश्यक होता. घरून बघायचं असेल तेव्हा तो १२७.०.०.१ या पत्त्यावरच पब्लिश करायचा आणि एसएसएचच्या बोगद्यातून जायचं. पत्ता न देता पब्लिश केलं की डॉकर तो सगळ्या जगासाठी उघडतो. बाहेरच्या वाटेवर खरंच नियम घालायचे असतील तर डॉकर-यूझर नावाची साखळी आयपीटेबल्समध्ये त्यासाठीच ठेवलेली आहे, तिथे घालायचे. आणि प्लेबुकाच्या शेवटी मी एक टास्क लिहिलाय, जो माझ्या लॅपटॉपवरून सर्व्हरच्या ५४३२ ला जोडायचा प्रयत्न करतो. जोडणी झाली तर प्लेबुक लाल होतं. वॉचमनला विचारण्यापेक्षा स्वतः मागच्या जिन्याने चढून बघितलेलं बरं.

चौथा भाग कंटेनर. अँसिबलच्या कम्युनिटी डॉट डॉकर या संग्रहात कंटेनरसाठी मॉड्यूल आहे. त्यात इमेज, व्हॉल्यूम, नेटवर्क, एन्व्हायर्नमेंट सगळं लिहायचं. तो चालू कंटेनर आणि तुमचा मजकूर ताडून बघतो, फरक असेल तर जुना काढून नवा बनवतो. हा बनवणं शब्द महत्त्वाचा. चालू कंटेनरचं एन्व्हायर्नमेंट बदलता येत नाही, नुसतं रीस्टार्ट करूनही नवं वाचलं जात नाही. सर्व्हर म्हणजे घरातलं ताट, ते घासायचं, पुसायचं, जपायचं, आणि अँसिबल ते घासतं. कंटेनर पत्रावळ, ती कोणी घासत बसत नाही. काही जण अँसिबलने कंटेनरच्या आत शिरून पॅकेज बसवतात, फाइली बदलतात. चालतं, पण कंटेनर नव्याने बनला की सगळी मेहनत पाण्यात. आतलं बदलायचं तर इमेज बदला.

या मॉड्यूलचे दोन स्वभाव माहीत असू द्या. एक: प्लेबुकातून टास्क पुसला म्हणून सर्व्हरवरचा कंटेनर जात नाही. अँसिबलला तो आता माहीतच नाही. "नसायला हवा" असं लिहून एकदा चालवायचं, मगच पुसायचं. दोन: एन्व्हायर्नमेंटमधून एखादं व्हेरिएबल काढलं तर मॉड्यूल मुळात त्याला फरक समजत नाही, जास्तीचं असलं तर असू दे म्हणतं. काटेकोर तुलना हवी असेल तर तसं सांगावं लागतं. मी सांगितलंय.

"मग कंपोज का नाही?" जरूर वापरा. कंपोजची फाइल अँसिबलने जागेवर ठेवायची आणि अँसिबलनेच ती उठवायची, त्यासाठी कंपोजच्या दुसऱ्या आवृत्तीचं मॉड्यूल आहे. जुन्या लेखांमध्ये पहिल्या आवृत्तीचं मॉड्यूल दिसेल, त्याच्या नादी लागू नका. कंपोजची पहिली आवृत्ती २०२३ मध्येच बंद झाली. पण कंपोज तुमचा डॉकर बसवत नाही, डीमन डॉट जेसन लिहीत नाही, बॅकअपचा टायमर लावत नाही. त्यासाठी वरचं कोणीतरी लागतंच. एका मशीनला कुबरनेटीस मात्र नको. दोन म्हशींच्या गोठ्याला चिलिंग प्लांट कोणी लावत नाही.

आता पासवर्ड. इथे मी परत आपटलो. एवढे दिवस दार ठोठावलं गेलं म्हटल्यावर डेटाबेसचा पासवर्ड बदलायचा होता. नवा पासवर्ड अँसिबल व्हॉल्टमध्ये ठेवला, म्हणजे फाइल गिटमध्ये असली तरी कुलूपबंद. प्लेबुक चालवलं. पोस्टग्रेसच्या कंटेनरपुढे "चेंज्ड", ॲपपुढे "चेंज्ड". पिवळं पिवळं बघून समाधान वाटलं. आणि ॲपला डेटाबेसमध्ये प्रवेशच मिळेना.

कारण काय? पोस्टग्रेसच्या इमेजला आपण जो पासवर्ड एन्व्हायर्नमेंटमधून देतो, तो ती फक्त एकदाच वाचते: डेटाचं फोल्डर रिकामं असताना, पहिल्यांदा डेटाबेस उभारताना. नंतर खरा पासवर्ड डेटाबेसच्या आत, म्हणजे व्हॉल्यूममध्ये असतो. कंटेनर नवा झाला, त्याच्या कपाळावर नवा पासवर्ड लिहिला गेला, पोटात जुनाच. ॲप बिचारं नवा पासवर्ड घेऊन दाराशी उभं. अँसिबल खोटं बोललं नव्हतं, कंटेनर खरंच बदलला होता. मी त्याला जे विचारलं नव्हतं ते त्याने सांगितलं नाही. आता डेटाबेसच्या आतले वापरकर्ते आणि पासवर्ड यांच्यासाठी वेगळा टास्क आहे, पोस्टग्रेसचं मॉड्यूल वापरून. आणि एन्व्हायर्नमेंटमधला पासवर्ड डॉकर इन्स्पेक्ट करणाऱ्या कोणालाही दिसतो, म्हणून इमेजला पासवर्डऐवजी पासवर्डच्या फाइलचा पत्ता देतो. अधिकृत इमेजमध्ये तशी सोय आहे. ज्या टास्कमध्ये गुपित आहे तिथे "नो लॉग" लावा, नाहीतर ते पडद्यावर छापलं जातं.

हे सगळं लिहून झालं, तरी कागद खरा आहे का हे कसं कळणार? कोऱ्या मशीनवर चालवून. एका रविवारी दुसरा सर्व्हर काही तासांसाठी भाड्याने घेतला, इन्व्हेंटरीत त्याचा पत्ता टाकला आणि प्लेबुक सोडलं. चार ठिकाणी अडलं. तीन फुटकळ, जुन्या सर्व्हरवर मी कधीतरी हाताने केलेल्या गोष्टी: एक फोल्डर, एक टाइमझोन, एक प्रमाणपत्र. चौथं महत्त्वाचं. पोस्टग्रेसच्या इमेजला मी आवृत्ती दिली नव्हती, आणि आवृत्ती दिली नाही की डॉकर "लेटेस्ट" धरतो. लेटेस्ट हे नुसतं लेबल आहे, आज एका इमेजवर, उद्या दुसऱ्या. जुन्या सर्व्हरवर दीड वर्षापूर्वी उतरलेली पोस्टग्रेस १५ होती. नव्यावर १६ उतरली. मी व्हॉल्यूमच्या फाइली जशाच्या तशा उचलून आणल्या होत्या. १६ ने त्या उघडायला साफ नकार दिला. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती बदलली की फाइली तशाच चालत नाहीत, डंप काढून भरावा लागतो किंवा अपग्रेडचं साधन वापरावं लागतं. तेव्हापासून टॅगमध्ये आवृत्ती लिहिलेली असते, आणि ॲपच्या इमेजला तर डायजेस्टच, म्हणजे तो लांब शा-२५६ चा आकडा. तो आकडा तोच असेल तर इमेज तीच.

मोठा बदल करायचा असेल तर आधी "चेक" आणि "डिफ" लावून चालवतो. अँसिबल काही न करता काय करणार ते दाखवतं. पोस्टग्रेसच्या कंटेनरपुढे "चेंज्ड" दिसलं आणि मी तसं ठरवलं नव्हतं, तर तिथेच थांबायचं, चहा घ्यायचा, कारण शोधायचं. आणि बदल ४ ते ७, १४ ते १७, २४ ते २७ याच तारखांना. बिलाच्या आसपास हात लावायचा नाही, हा नियम कोणत्याही साधनात नाही, तो अण्णांचा आहे.

बॅकअपबद्दल एकच: हे सगळं प्लेबुक तुमचा डेटा परत आणत नाही. ते रिकामं घर अगदी तसंच बांधून देतं. रोज रात्री डंप काढून दुसऱ्या ठिकाणी पाठवायचा टायमर प्लेबुकातच आहे, पण तो डंप भरून बघायचं काम मी दर महिन्याला हाताने करतो. मागच्या वेळी कोऱ्या मशीनपासून प्लेबुक चालून ॲप उभं राहायला ११ मिनिटं लागली, डंप भरायला आणखी सहा. अण्णांना त्या दुसऱ्या सर्व्हरवरचं ॲप उघडून दाखवलं. त्यांनी स्वतःच्या म्हशीच्या सकाळच्या पावतीचा आकडा शोधला, वहीशी ताडला, आणि म्हणाले, "बराबर हाय. पर त्यो जुना बंद करू नगा अजून."

जुना अजून चालूच आहे. या महिन्याच्या २५ ला हलवायचा विचार आहे. पुढच्या भागात पोस्टग्रेस १५ वरून पुढे नेताना काय झालं ते सांगेन. तोवर, तुमच्या सर्व्हरवर डॉकर व्हॉल्यूमची यादी काढून ६४ अक्षरी नावं किती आहेत ते मोजून ठेवा.